तेलाच्या विहिरीला अणुभट्टीची वाफ

२७ नोव्हेंबर २०२५ला कॅल्गरीत कॅनडाचे पंतप्रधान मार्क कार्नी आणि अल्बर्टा प्रांताच्या प्रीमियर डॅनियल स्मिथ यांनी एका सामंजस्य करारावर सह्या केल्या. बातम्यांत गाजली ती पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत जाऊ शकणारी नवी तेलवाहिनी. त्याच कागदात अणुऊर्जेचं धोरण मिळून आखायचं, असंही ठरलं होतं. त्याच्याही आधी, २०२३ मध्ये, सेनोव्हस नावाच्या कॅनडातल्या बड्या तेल कंपनीला एका प्रांतीय संस्थेने ७० लाख कॅनेडियन डॉलर मंजूर केले. कशासाठी? तेलाच्या विहिरींजवळ छोटी अणुभट्टी बसवता येईल का, याचा अभ्यास करण्यासाठी.

पहिल्यांदा वाचताना हे विचित्रच वाटतं. तेल हेच मुळात इंधन. ते काढायला आणखी एक इंधन, आणि तेही अणूचं? म्हणजे विहिरीतून पाणी काढायला टँकर मागवण्यासारखं झालं. पण अल्बर्टाचं तेल आपल्या मुंबई हायसारखं नाही. ते वाहतच नाही. सगळी गोष्ट तिथून सुरू होते.

हिवाळ्यातली खोबरेल तेलाची बाटली

डिसेंबरात नाशिक-पुण्याकडे सकाळी केसांना तेल लावायला गेलं की बाटलीतलं खोबरेल गोठलेलं असतं. बाटली उलटी करा, दाबा, हलवा, काही येत नाही. मग कुणीतरी ती गरम पाण्याच्या तांब्यात उभी करतं आणि पाच मिनिटांत तेल सुटतं. तेल आधीही बाटलीत होतंच, फक्त ते बाहेर यायला ऊब हवी होती.

अल्बर्टाच्या उत्तर भागात जमिनीखाली असलंच गोठलेलं तेल आहे, फक्त ते खोबरेलापेक्षा डांबराच्या जवळचं. वाळूच्या कणांना चिकटून बसलेल्या या दाट, काळ्या पदार्थाला बिट्युमेन म्हणतात आणि त्या वाळूला तैलवाळू. तैलवाळूचा पट्टा सुमारे १ लाख ४२ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ निम्म्या महाराष्ट्राएवढा. काढता येण्याजोगं तेल सुमारे १६० अब्ज बॅरल. (एक बॅरल म्हणजे १५९ लिटर.) फोर्ट मॅकमरे हे या पट्ट्यातलं मुख्य गाव. जमिनीखाली तापमान दहा अंशांच्या आसपास. त्या थंडीत बिट्युमेन दगडासारखं बसून असतं.

वरच्या थरातली वाळू खोदून, ट्रकमध्ये भरून, गरम पाण्याने धुऊन तेल वेगळं करता येतं. त्या अवाढव्य उघड्या खाणींचे फोटो तुम्ही पाहिले असतील. पण खोदून पोचता येईल इतकं वर असलेलं तेल साधारण पाचवा हिस्साच आहे. बाकीचे चार हिस्से खोल आहेत. तिथे बाटलीच गरम करावी लागते.

ती कशी, हे इम्पीरियल ऑइल कंपनीतले अभियंते रॉजर बटलर यांनी १९७०च्या दशकात शोधून काढलं. जमिनीत दोन विहिरी खोदायच्या. खोलवर गेल्यावर दोन्ही आडव्या वळवायच्या आणि एकीच्या खाली दुसरी अशा समांतर न्यायच्या. दोघींत अंतर सुमारे पाच मीटर, आडवी लांबी किलोमीटरच्या आसपास. वरच्या विहिरीतून दोनशे-अडीचशे अंशांची वाफ सोडायची. वाफेने आजूबाजूची वाळू तापते, बिट्युमेन पातळ होतं, गुरुत्वाकर्षणाने खाली झिरपतं आणि खालच्या विहिरीत गोळा होतं. तिथून ते थंड झालेल्या पाण्यासकट वर उपसायचं. पाणी वेगळं करून, साफ करून पुन्हा त्याची वाफ करायची. बटलर यांची ही पद्धत आता तिथे सर्रास वापरतात.

किती वाफ लागते?

एक बॅरल तेलासाठी साधारण अडीच ते तीन बॅरल पाण्याची वाफ करावी लागते. चांगल्या विहिरींत कमी, वाईट विहिरींत जास्त.

रोज ३० हजार बॅरल तेल काढणारा एक मध्यम प्रकल्प धरू. तीनचं प्रमाण लावलं तर रोज ९० हजार बॅरल, म्हणजे १४ हजार टनांहून जास्त पाण्याची वाफ. तासाला सहाशे टन. आपल्याकडे मोठ्या साखर कारखान्याचा बॉयलर तासाला शंभर-सव्वाशे टन वाफ करतो. असे पाच-सहा कारखाने एका जागी, तेही गळीत हंगामापुरते नाही तर बारा महिने, रात्रंदिवस चालू आहेत अशी कल्पना करा.

ही वाफ आज नैसर्गिक वायू जाळून तयार होते. आपल्या मध्यम प्रकल्पाचा ढोबळ हिशेब केला तर वर्षाला सात-आठ लाख टन कार्बन डायऑक्साइड फक्त बॉयलरच्या धुराड्यांतून जातो. बॅरलमागे सुमारे ७० किलो. तैलवाळूतून निघणारं एकूण तेल रोज ३० लाख बॅरलच्या वर आहे आणि या उद्योगाचं वार्षिक उत्सर्जन ८ कोटी टनांच्या पुढे. संपूर्ण कॅनडाच्या उत्सर्जनाचा हा सुमारे आठवा भाग. हवामानबदलाच्या चर्चेत या एका प्रांताचं नाव सारखं का येतं, ते यावरून कळेल.

मग सौर, पवन का नाही?

कारण इथे वीज हवी आहे ती थोडी. उष्णता हवी आहे ती प्रचंड, आणि तिच्यात खंड पडून चालत नाही. जमीन एकदा तापवायला घेतली की मध्येच थांबता येत नाही. दूध उकळायला ठेवून दर दहा मिनिटांनी गॅस बंद करण्यासारखं ते होईल. त्यात फोर्ट मॅकमरेला डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा.

अणुभट्टी या कामाला बरोबर बसते. तिचं मूळ उत्पादन वीज नाहीच, उष्णता आहे. युरेनियमचे अणू फुटतात, उष्णता निघते, पाणी तापतं, वाफ होते. वीज ही त्यानंतरची पायरी, आणि त्या पायरीवर साधारण दोन तृतीयांश उष्णता वाया जाते. ती समुद्रात सोडली जाते किंवा शीतकरण मनोऱ्यांतून हवेत. वाफच थेट वापरली तर ही नासाडी टळते.

साखर कारखान्यात काम केलेल्यांना हे नवीन वाटणार नाही. चिपाड जाळून केलेली वाफ आधी टर्बाइन फिरवते, वीज देते आणि मग तीच दमलेली वाफ उसाचा रस आटवायला जाते. एका वाफेत दोन कामं. तेलक्षेत्रातल्या अणुभट्टीची कल्पना याच जातीची आहे, फक्त चिपाडाच्या जागी युरेनियम.

अणुभट्टीची वाफ कारखान्याला देण्याची कल्पनाही कोरी नाही. स्वित्झर्लंडमधलं ग्योस्गेन अणुवीज केंद्र १९७९ पासून शेजारच्या पुठ्ठ्याच्या कारखान्याला वाफ देतं. चीनमध्ये तिआनवान केंद्रातून २०२४च्या जूनपासून वीसेक किलोमीटर लांबीच्या वाहिनीने एका पेट्रोकेमिकल वसाहतीला वाफ जाते. आणि आपल्याकडे, राजस्थानात रावतभाट्याला, कोटा जड पाणी प्रकल्प उभारला तो शेजारच्या अणुवीज केंद्राची वाफ आणि वीज वापरण्याच्या हिशेबानेच. त्या केंद्रातल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचा आराखडा कॅनडाचा. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने हात काढून घेतला आणि पुढचं काम आपल्या लोकांनी पुरं केलं, हा इतिहास अनेकांना ठाऊक असेल.

आधी बॉम्ब सुचला होता

इथे जरा आडवाटेला जातो, कारण ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस रिचफील्ड ऑइल या अमेरिकी कंपनीतले भूवैज्ञानिक मॅनली नॅटलँड यांनी अल्बर्टाच्या तैलवाळूखाली ९ किलोटनांचा अणुबॉम्ब फोडायचा प्रस्ताव मांडला. (हिरोशिमावरचा साधारण १५ किलोटनांचा होता.) सौदी अरेबियाच्या वाळवंटात सूर्य मावळताना पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. वाळूखाली एवढी उष्णता सोडली की बिट्युमेन वितळेल, स्फोटाने झालेल्या पोकळीत साचेल आणि मग नेहमीसारखं उपसता येईल, असा हिशेब. जागाही ठरली होती, फोर्ट मॅकमरेच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर पोनी क्रीक. योजनेचं पहिलं नाव ‘प्रोजेक्ट कॉल्ड्रन’, म्हणजे कढई प्रकल्प. ते फारच भयंकर वाटलं म्हणून बदलून ‘प्रोजेक्ट ऑइलसँड’ केलं. १९५९ मध्ये कॅनडा सरकारने तत्त्वतः मान्यताही दिली होती! पुढे अणुचाचण्यांविरुद्ध जनमत तापलं आणि १९६२च्या सुमारास योजना बासनात गेली.

हे सांगायचं कारण एवढंच की आज ‘तैलवाळू आणि अणू’ हे दोन शब्द एकत्र आले की तिथल्या जुन्या लोकांना ही कढई आठवते. बॉम्ब आणि अणुभट्टी यांत फरक आहे तो भडका आणि मंद आच यांच्यातला, पण आठवणी असे फरक करत बसत नाहीत.

तेलात किरणोत्सर्ग उतरेल का?

नेहमी विचारला जाणारा प्रश्न, आणि रास्त.

घरातला जुना तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. उष्णता तांब्याच्या पत्र्यातून पाण्यात जाते. राख खाली पडते, धूर वर जातो, आंघोळीच्या पाण्यात त्यातलं काही येत नाही. बहुतेक अणुभट्ट्यांतही इंधनाला भिडणारं पाणी एका बंद चक्रात फिरत राहतं. ते आपली उष्णता धातूच्या नळ्यांच्या भिंतीतून दुसऱ्या चक्रातल्या पाण्याला देतं. तेलाच्या विहिरीसाठी तिसरं चक्र लागेल. म्हणजे बंबात बंब.

हे तिसरं चक्र केवळ भीतीपोटी नाही. विहिरीतून परत आलेलं पाणी कितीही साफ केलं तरी त्यात क्षार आणि सिलिका राहतात. अणुभट्टीच्या यंत्रांना मात्र कमालीचं शुद्ध पाणी लागतं. ती दोन पाणी एकत्र येऊ देणं कुठल्याच अभियंत्याला परवडणार नाही. त्यामुळे अणुभट्टीतलं पाणी जमिनीत जातं, हा समज चुकीचा आहे.

भिंत गळली तर? नळ्यांना चिरा पडतात, जगात पडलेल्याही आहेत. म्हणून मधल्या चक्रातल्या पाण्याची किरणोत्सर्गासाठी सतत तपासणी होते आणि गळती सापडली की भट्टी बंद केली जाते. धोका शून्य नाही. पण तेलापर्यंत पोचण्याआधी त्याला दोन भिंती ओलांडाव्या लागतात.

कुठली भट्टी?

सध्या बोलबाला आहे तो छोट्या अणुभट्ट्यांचा. साधारण ३०० मेगावॉटपर्यंत वीज देणारी, शक्य तितके भाग कारखान्यात बनवून जागेवर जोडायची, अशी ही कल्पना. आपल्या मध्यम प्रकल्पाला सुमारे ४०० मेगावॉट उष्णता लागते. हा आकडा विजेचा नाही, उष्णतेचा. जुन्या पद्धतीची मोठी भट्टी एवढ्या कामाला फारच मोठी पडेल.

कॅनडाच्याच ओंटारिओ प्रांतात डार्लिंग्टनला बांधकाम सुरू आहे ते बीडब्ल्यूआरएक्स-३०० या भट्टीचं. तिच्यात भट्टीतलंच पाणी उकळून वाफ होते. आपल्या तारापूरच्या १९६९च्या पहिल्या दोन भट्ट्या याच घराण्यातल्या, त्यामुळे तिला त्यांची नात म्हणायला हरकत नाही. तिची उष्णता सुमारे ८७० मेगावॉट.

दुसरा प्रकार उच्च तापमानाच्या भट्ट्यांचा. यात इंधन म्हणजे ग्रॅफाइटचे गोळे, सहा सेंटिमीटर व्यासाचे, बेसनाच्या लाडवाएवढे. प्रत्येक लाडवात खसखशीएवढे युरेनियमचे हजारो कण, आणि प्रत्येक कणाला स्वतःचं टणक कवच. पाण्याऐवजी हेलियम वायू यातली उष्णता वाहून नेतो. चीनच्या शिदाओ बे इथली अशी भट्टी डिसेंबर २०२३ मध्ये व्यावसायिक तत्त्वावर सुरू झाली. अमेरिकेतल्या एक्स-एनर्जी कंपनीची एक्सई-१०० हीसुद्धा याच जातीची, एकीची उष्णता २०० मेगावॉट. अशा दोन भट्ट्या आपल्या प्रकल्पाला बरोबर पुरतील. तिची वाफ साडेपाचशे अंशांच्या वर, म्हणजे विहिरीच्या गरजेहून बरीच गरम. ती आधी टर्बाइनमधून नेऊन वीज काढायची आणि मग विहिरीत सोडायची. साखर कारखान्याची तीच युक्ती.

पैशाचं गणित

इथपर्यंत सगळं जुळत आलं. आता वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडू. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा कळेल.

आपल्या प्रकल्पाला वर्षाला सुमारे दीड कोटी गिगाज्यूल गॅस लागतो. (गिगाज्यूल हे उष्णतेचं माप.) अल्बर्टात गॅस फार स्वस्त आहे. २०२४ मध्ये कित्येक महिने तो गिगाज्यूलला दोन कॅनेडियन डॉलरच्या खाली होता. दोन डॉलर धरला तरी वर्षाचा खर्च तीन कोटी डॉलर.

आता अणुभट्टी. डार्लिंग्टनच्या चार भट्ट्यांचा मंजूर खर्च २,०९० कोटी डॉलर. पहिलीला सामाईक कामांसकट ७७० कोटी, म्हणजे आपले पंचेचाळीस ते पन्नास हजार कोटी रुपये. सामाईक कामं वगळली तर ६१० कोटी. आपल्याला तिच्या निम्म्या क्षमतेची भट्टी पुरते, म्हणून निम्मा खर्च धरू, ३०० कोटी डॉलर. (प्रत्यक्षात भट्टी निम्मी झाली की खर्च निम्मा होत नाही, तो त्याहून जास्तच राहतो. पण सध्या कंपनीच्या बाजूने धरू.) पाच टक्के व्याजाने नुसतं व्याज होतं वर्षाला १५ कोटी डॉलर. मुद्दल वेगळं, माणसं वेगळी, युरेनियम वेगळं, सुरक्षा वेगळी.

तीन कोटींचा गॅस वाचवायला पंधरा कोटींचं व्याज. कुठलाही मुनीम हे पाहून चष्मा काढून ठेवेल.

यात एक पदर कार्बन शुल्काचा आहे. कार्बन सोडल्याबद्दल मोठ्या उद्योगांना टनामागे पैसे भरावे लागतात. अल्बर्टाने २०२५ मध्ये हा दर ९५ डॉलरवर गोठवला. पूर्ण साडेसात लाख टनांवर तो लागला तर वर्षाला सात कोटी डॉलर होतात. गॅसचे तीन मिळवले की दहा. अजून व्याजाला पुरत नाही. कॅनडाच्या जुन्या वेळापत्रकात २०३० साठी ठरवलेला १७० डॉलरचा दर लागला असता, तर बेरीज पंधरा-सोळा कोटींवर गेली असती. तेव्हा कुठे व्याजाची तोंडमिळवणी. शिवाय प्रत्यक्षात शुल्क सगळ्या उत्सर्जनावर लागतच नाही, ठरवून दिलेल्या पातळीच्या वरच्या भागावरच लागतं.

अणुऊर्जेच्या बाजूने बोलणारे म्हणतील, पहिलीच भट्टी महाग असते. ते खरं आहे. डार्लिंग्टनच्या उरलेल्या तिघींची सरासरी ४४० कोटींवर येते. दहावी-पंधरावी आणखी स्वस्त होईल, अशी आशा आहे. पण अणुऊर्जेच्या क्षेत्रात बिलं अंदाजापेक्षा खाली आल्याची उदाहरणं फार नाहीत, हेही तितकंच खरं.

म्हणून माझं मत असं की हा प्रश्न भौतिकशास्त्राचा कधी नव्हताच. तो स्वस्त गॅस आणि स्वस्त कार्बन यांचा आहे. हे दोन्ही स्वस्त आहेत तोवर अणुभट्टी अहवालांतच राहील.

यापूर्वी एकदा ती अहवालातून बाहेर यायच्या बेतात होती. २००७ मध्ये पीस रिव्हर भागात मोठी अणुभट्टी उभारायची योजना पुढे आली, नंतर ब्रूस पॉवर या ओंटारिओतल्या कंपनीने ती हाती घेतली आणि २०११च्या डिसेंबरात सोडून दिली.

विहीर संपेल, भट्टी उरेल

अणुभट्टी साठ वर्षांसाठी बांधतात. विहिरींच्या एका जुडग्यातून दहा-पंधरा वर्षं चांगलं तेल येतं, मग पुढच्या जागेवर सरकायचं. वाफ नळांतून काही किलोमीटर नेता येते, पण जितकी लांब न्याल तितकी ती थंड होते आणि तिचा दाब घटतो. बॉयलर उचलून नेता येतो, अणुभट्टी नेता येत नाही. त्यामुळे ती अशा ठिकाणी बसवावी लागेल, जिथे भोवतालच्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये पन्नास-साठ वर्षं पुरेल एवढं तेल आहे.

आणि पन्नास वर्षांनी या तेलाला गिऱ्हाईक असेल का? विजेच्या गाड्या वाढत असताना २०८५ पर्यंत तैलवाळू चालेल, अशी पैज कुठली बँक लावेल? गॅसचा बॉयलर पंधरा वर्षांत पैसे फेडून मोकळा होतो.

त्यात तेल कंपन्या वाफेची गरजच कमी करायच्या मागे आहेत. वाफेबरोबर हलक्या तेलासारखे द्रावक सोडले की बिट्युमेन कमी उष्णतेत सुटतं. ही पद्धत काही ठिकाणी प्रत्यक्ष वापरात आली आहे. ती रुजली तर बॅरलमागे वाफ घटेल आणि मोठ्या भट्टीचा हिशेब आणखी बिघडेल.

भट्टी कधी ना कधी दुरुस्तीसाठी बंद होणार, तेव्हा गॅसचे बॉयलर राखीव ठेवावेच लागणार, हा खर्च तर मी वर धरलाच नव्हता.

धूर पकडून पुरला तर?

अल्बर्टातल्या तेल कंपन्यांनी पाथवेज नावाने जी आघाडी केली आहे, तिचा भर यावरच आहे. बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, चारेकशे किलोमीटरच्या वाहिनीने कोल्ड लेक भागात न्यायचा आणि जमिनीत खोल पुरायचा. त्यांनी मांडलेला खर्च सुमारे १,६५० कोटी डॉलर. अडचण अशी की गॅस बॉयलरच्या धुरात कार्बन डायऑक्साइड विरळ असतो. बादलीभर ताकातून चमचाभर लोणी काढायचं तर घुसळण खूप लागते, तसं हे काम ऊर्जा खातं. तरी अणुभट्टीपेक्षा ते लवकर होईल, म्हणून कंपन्यांची पहिली पसंती त्याला. अणुभट्टीचा पर्याय त्यांनी त्यानंतरच्या काळासाठी राखून ठेवल्यासारखा दिसतो.

पण ते तेल शेवटी जाळणारच ना?

हा सगळ्यात अवघड आक्षेप, आणि तो टाळता येत नाही.

बॅरलभर तेल गाडीच्या, ट्रकच्या, विमानाच्या इंजिनात जळतं तेव्हा ४०० किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. काढताना निघतो सुमारे ७० किलो. अणुभट्टीने हे ७० जवळजवळ शून्यावर आणले, तरी ४०० तसेच राहतात. स्वयंपाकघर चकाचक केलं म्हणून जेवणातलं तूप कमी होत नाही.

यावर उद्योगाचं म्हणणं असं की जग तेल वापरणारच असेल, तर ते कमी धुरात काढलेलं असावं. वर्षाला काही कोटी टनांची कपात कुठल्याही मापाने लहान नाही, हे कबूल. विरोधकांचं म्हणणं असं की ‘स्वच्छ तेल’ हा शिक्का मिळाला की त्याच तेलाला पुढची तीस-चाळीस वर्षं परवाना मिळतो, आणि तीच अणुभट्टी एखाद्या शहराच्या विजेसाठी बांधली असती तर तिने कोळसा हटवला असता. अल्बर्टाने २०२४ मध्येच आपल्या विजेतून कोळसा पूर्ण काढला, तेव्हा तिथे हा युक्तिवाद जरा लंगडा पडतो. तिथे भट्टी हटवेल तो गॅसच, मग तो बॉयलरमधला असो की वीजघरातला. पण जगाच्या पातळीवर पाहिलं तर मला विरोधकांचं पारडं जड वाटतं. अणुभट्ट्या बांधणारे हात आणि पैसा मोजका आहे, तो कुठे लावायचा हा प्रश्न उरतोच.

तिथे राहणाऱ्यांचं काय?

तैलवाळूचा प्रदेश रिकामा नाही. अथाबास्का नदीच्या काठाने डेने, क्री आणि मेटी लोक पिढ्यानपिढ्या राहतात. युरेनियम तिथे याआधीही येऊन गेलं आहे. १९३० पासूनच्या दशकांत उत्तरेकडच्या ग्रेट बेअर सरोवराकाठच्या खाणीतलं खनिज नद्यांतून नावांवर लादून फोर्ट मॅकमरेजवळच्या वॉटरवेज या ठिकाणी उतरवलं जाई आणि पुढे रेल्वेने ओंटारिओला जाई. त्यातलं काही युरेनियम दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाला गेलं. गोणी वाहणाऱ्या सहतू डेने माणसांना त्यांत काय आहे आणि त्याने काय होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर कर्ल या तैलवाळूच्या खाणीचं आहे. तिथल्या गाळाच्या तलावांतून दूषित पाणी झिरपतंय हे २०२२ मध्ये लक्षात आलं होतं, पण आजूबाजूच्या आदिवासी समाजांना त्याचं खरं गांभीर्य कळलं ते २०२३ मध्ये. आता त्याच लोकांना ‘अणुभट्टी सुरक्षित आहे’ हे पटवायचं आहे. अभियंत्यांचे आकडे बरोबर असतीलही. पण सांगणारा कोण आहे, हे माणूस आधी पाहतो.

वापरलेल्या इंधनाची बाब तुलनेने पुढे सरकली आहे. ते कायमचं पुरण्यासाठी कॅनडाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओंटारिओच्या वायव्येला इग्नेसजवळची जागा निवडली, तीही स्थानिक वाबिगून लेक ओजिब्वे नेशनच्या होकारानंतर.

आता कुठवर आलंय?

अल्बर्टात आज एकही अणुवीज केंद्र नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये प्रांताने अणुऊर्जेबद्दल लोकांची मतं मागवायला सुरुवात केली. पीस रिव्हरजवळ ४,८०० मेगावॉटपर्यंतच्या प्रकल्पाचा प्रस्ताव पुन्हा एकदा कॅनडाच्या छाननीत आला आहे, पण त्याचा रोख विजेवर आहे, विहिरींच्या वाफेवर नाही.

आपल्याकडे तेलासाठी अशी वाफ लागण्याची शक्यता कमी. मुंबई हायचं तेल हलकं आहे, आपोआप वाहणारं. गुजरातेत मेहसाण्याजवळ बालोल आणि संथालला जड तेल आहे, पण तिथे ओएनजीसी वाफेऐवजी जमिनीखाली हवा सोडून थोडं तेल तिथल्या तिथेच पेटवते आणि त्या उष्णतेने उरलेलं पातळ करते. उद्योगांना स्वतःची अणुभट्टी ही कल्पना मात्र इथेही पोचली आहे. अणुऊर्जा महामंडळाने २०२४च्या अखेरीस खासगी उद्योगांकडून २२० मेगावॉटच्या ‘भारत स्मॉल रिअ‍ॅक्टर’साठी प्रस्ताव मागवले. ही भट्टी म्हणजे रावतभाट्याच्या त्या कॅनडाई आराखड्यातून आपण वाढवलेल्या भट्टीचंच नवं रूप. पोलाद, ॲल्युमिनियम अशा वीज आणि उष्णता खाणाऱ्या कारखान्यांवर तिचा डोळा आहे.

तिथे कॅल्गरीतल्या तेल कंपन्यांचे हिशेबनीस सध्या पावणेतीन हजार किलोमीटर पलीकडच्या डार्लिंग्टनकडे बघत बसले आहेत. पहिली भट्टी २०३०च्या आसपास सुरू व्हायची आहे. ती ७७० कोटींत झाली की हजार कोटींवर गेली, हे कळल्याशिवाय विहिरीजवळ कुणी कुदळ मारणार नाही.